हातावर चालणारी गाडी

बसा ना, बसा, सरकते मी — ती फाटकाशी उभी आहे ती तुमचीच ना, निळी, जमिनीला टेकलेली? मघाशी आत आणताना बघितली मी, त्या गतिरोधकावरून कशी तिरकी-तिरकी काढलीत, आधी एक चाक, मग दुसरं, जसं काही मागच्या सीटवर कुणी आजारी माणूस झोपलंय. खाली घासते ना? घासणारच. स्प्रिंगा कापल्यात की बदलल्यात? बदलल्यात — मग काळजी सोडा. कापलेल्या असत्या तर या तपासणी कचेरीतून ती बाहेर पडलीच नसती, बदललेल्यांचं काय, शुल्क भरायचं, शिक्का घ्यायचा, निघायचं. आणि ते खालचे दिवे, जांभळे, तेही चालतात. काळ्या काचा चालतात, तो मागचा भोंगा चालतो, इथल्या यादीत आहे सगळं, मला पाठ आहे ती यादी. नाही हो, मी कुठली कचेरीतली. मी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, चार वर्षं झाली. गाड्यांचं कळतं ते आमच्या ह्यांच्यामुळे.

आमचे हे फिटर. परदेशात होतो आम्ही, अकरा वर्षं, बंदरावर एक मोठं वर्कशॉप होतं — जुन्या गाड्या तिथे यायच्या, आणि ज्या देशात जायच्या त्या देशासारख्या करून जहाजात चढायच्या. म्हणजे कसं, गाडी तीच हो, एकाच कारखान्यातली, एकाच रंगाची, पण बर्फाकडे जायची असली की टायरांत खिळे, आणि पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर लोंबती ठेवायची — का? तर तिकडे गाडी थांबली की इंजिन गोठतं, म्हणून ती वायर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवतात, आपण फोन चार्जिंगला लावतो तशी. वाळवंटाकडे जायची असली की हवा ओढायची नळी पार छतापर्यंत, वाळू खाऊ नये म्हणून. जिथे संध्याकाळचं मोठं जनावर रस्त्यावर येतं तिथे पुढे लोखंडी कठडा. डोंगरातल्या लोकांना गाडी उंच पाहिजे आणि वर आरसे, झालरी, रंगीत अक्षरं — हे म्हणायचे, वाट जेवढी वाईट तेवढी गाडी नटलेली. आणि एका बेटावरची माणसं चाकं आत तिरकी करून मागायची, दोन्ही गुडघे जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या पोरीसारखी, ते का ते ह्यांनाही कधी कळलं नाही. हसू नका, तुमची त्याच घराण्यातली आहे. गरीब मुलखातून निरोप यायचा, डिकी काढा, तिथे बाक टाका, चार माणसं जास्त बसली पाहिजेत. श्रीमंत मुलखातून निरोप यायचा, मागच्या सीटा काढून टाका, गाडी हलकी पळाली पाहिजे. मग इकडच्या काढलेल्या सीटा तिकडच्या गाडीत. हे घरी येऊन सांगायचे आणि मी भाकरी थापता थापता — असं नाही, भाकरी कुठली तिथे, जे काय असेल ते करता करता ऐकायची. माझ्या डोक्यात जगाचा नकाशा आहे ना, तो सगळा गाड्यांचा आहे बघा.

मग जॅक सरकला. सकाळचं काम, रोजचं, काही अवघड नाही — वर उचललेली गाडी खाली आली आणि ह्यांची कंबर गेली. जीव वाचला म्हणाले सगळे. कमरेखाली काही नाही, पण जीव वाचला. तुम्हाला सांगते, सात महिने मी ते वाक्य ऐकलं, डॉक्टरकडून, नर्सकडून, मालकाकडून, आणि ह्यांनी एकदाही त्यावर मान हलवली नाही. पण एक होतं, त्या देशात पाय नसलेल्या माणसाला गाडी मिळते. म्हणजे कशी, स्टेअरिंगखाली डावीकडे एक दांडा — पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की गाडी पळते. डॉक्टरचा एक कागद दिला की सरकारी माणूसच येऊन बसवून देतो. तिथे ही गोष्ट चष्म्यासारखी आहे, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. ह्यांनी तिथे नीट बघून घेतलं, मापं वहीत उतरवली, आणि इकडे परत आल्यावर जुनी गाडी घेतली आणि स्वतः बनवला. स्वतः म्हणजे — आता कसं सांगू, हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी गाडीत उलटी पडून, डोकं ब्रेकशी, पाय दाराबाहेर, पाना हातात. अर्धा फेरा अजून. आता थांब. आता पाव. तीन आठवडे. माझ्या केसांना ग्रीसचा वास होता, हॉटेलातल्या बायका नाक मुरडायच्या. पण पहिल्यांदा गाडी निघाली ना, आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून आली — ह्यांनी काच खाली करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बसा बाईसाहेब, कुठे सोडू. अकरा वर्षांत ह्यांनी मला बाईसाहेब म्हटलं नव्हतं.

वर्षभर चांगलं गेलं. तळमजल्यावरची खोली, दाराशी गाडी, फळी टाकून खुर्चीतून सीटवर सरकायचे, खुर्ची घडी करून स्वतःच्या छातीवरून मागे टाकायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. मला कामावर सोडायचे, भाजी आणायचे — म्हणजे भाजीवाला गाडीपाशी येऊन द्यायचा. सगळं आलबेल. आणि मग — काही झालं नाही हो, तेच तर. भांडण नाही, आजारपण नाही. बोलणं कमी झालं एवढंच. विचारलं तर, काही नाही. जेवलात का, हो. माणूस हो आणि नाही यांच्यामध्येच राहायला लागला की कसं धरायचं त्याला? आमच्या धुलाईखान्याची गच्ची आहे, तिथे चादरी वाळत घालतो, तिथून ती बंद पडलेली दगडाची खाण दिसते, पाणी भरलेली — माहितीये ना तुम्हाला, गावाबाहेर? कठडा नाही, काही नाही, रस्ता जातो तो सरळ पाण्यावर संपतो. तर एक दिवस सकाळी अकराला चादर झटकली आणि समोर आमची गाडी. तोंड पाण्याकडे. कडेपासून — लांबून काय अंदाज येणार, पण इथून तुमची गाडी आहे तेवढंसुद्धा अंतर नव्हतं. मी चादर हातात धरून उभी. अर्धा तास. मग गाडी मागे आली, वळली, गेली. संध्याकाळी विचारलं, कुठे गेला होतात? म्हणाले, पेट्रोल भरायला. मी बाहेर जाऊन काटा बघितला, पाव टाकी, सकाळी होती तेवढीच. चाकांना पांढरी धूळ.

पुढच्या आठवड्यात परत. मग एक दिवसाआड. मग रोजच म्हणा. मी गच्चीवरून हलेना, मुकादमीण ओरडायची, चादरी काय नजरेने वाळवतेस का. माझा हात गच्चीच्या कठड्यावर आणि जीव तिकडे, त्या दांड्यावर — कारण मला माहीत होतं ना, किती हलका ओढावा लागतो तो, मीच आवळला होता, पाव फेरा, आता थांब. बोलायला पाहिजे होतं, हो, बरोबर आहे तुमचं. सगळे हेच म्हणतील. पण काय बोलणार? समजा मी विचारलं, तुम्ही तिथे कशाला जाता, आणि समजा त्यांनी खरं सांगितलं — मग दुसऱ्या दिवशी मी कामाला कशी जाऊ? आणि किल्ली लपवावी तर ते माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखणार. मला ते जमत नाही, माझ्या तोंडावर सगळं असतं.

म्हणून मग मी पत्र टाकलं.

इथेच. या कचेरीला. डाव्या हाताने लिहिलं, नाव नाही, काही नाही — अमुक नंबरच्या गाडीत बेकायदा फेरबदल केलेला आहे, जनतेला धोका आहे. जनतेला. असे बघू नका माझ्याकडे. मला वाटलं, गाडी गेली की खाण गेली. दोन माणसं आली, चांगली होती हो, उद्धट नव्हती, खुर्चीतल्या माणसाला बघून एकाने टोपीसुद्धा काढली. ह्यांनी कपाटातून फाइल काढली, तिकडचे फोटो, तिकडचे नियम, मापं, सगळं दाखवलं, कितीतरी महिन्यांनी मी ह्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला. तो साहेब सगळं ऐकून घेऊन म्हणाला, काका, तिकडचं तिकडे. इथल्या यादीत हे बसत नाही. मान्यताप्राप्त वर्कशॉपचा दाखला लागतो. आणि असं वर्कशॉप कुठे आहे? तर राजधानीत एक होतं, ते दोन वर्षांपूर्वी बंद झालं. दुसरं? दुसरं नाही. मग दाखला कुणाचा आणायचा? तर वर्कशॉपचा. झालं. खालचे दिवे चालतात, भोंगा चालतो, जमिनीला टेकलेली गाडी चालते, आणि — तुमच्यावर नाही बोलत मी, तुम्ही काय केलंय. गाडी दोरीने बांधून घेऊन गेले. हे दारात बसून बघत होते. मी मागे उभी होते आणि मला, खोटं का सांगू, मला बरं वाटत होतं. त्या रात्री मी गाढ झोपले.

तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून आहेत. सहा आठवडे. ताट ठेवलं की दोन घास, उचललं की उचललं. खुर्चीत बसवायचं म्हटलं तर अंग सोडून देतात, तुम्ही ओली चादर उचललीय का कधी, तसं. परवा मी पाठ पुसत होते आणि आपणहून बोलले. भिंतीलाच बोलले म्हणा. म्हणाले, मी खाणीवर जायचो, तुला सांगितलं नाही. म्हटलं, बरं. म्हणाले, तिथे बसायचो, दांड्यावर हात ठेवून, आणि दर वेळी गाडी रिव्हर्समध्ये टाकायचो. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट मी स्वतः ठरवत होतो. पुढे की मागे. बाकी मला कधी झोपवायचं, कधी उठवायचं, कधी पुसायचं ते तू ठरवतेस. ते केलं की घरी येऊन जेवण जायचं मला. एवढंच बोलले. राग नव्हता हो आवाजात, राग असता तर बरं झालं असतं. आणि मग म्हणाले, कोणी केली असेल गं तक्रार, आपण कुणाचं काय वाकडं केलं होतं?

मी पाणी बदलायच्या निमित्ताने बाहेर गेले.

म्हणून आज आले. म्हटलं तक्रारच मागे घेऊ. तीन नंबरच्या खिडकीवर तो चष्मेवाला बसतो ना, तो म्हणाला, निनावी तक्रार मागे घेता येत नाही बाई, नाव घालून सही लागते. म्हटलं घालते. तो म्हणाला, मालकाला प्रत जाते, तक्रारदाराच्या नावासकट. मी विचारलं, त्याशिवाय होत नाही? नाही होत. मग गाडी मिळेल? मिळेल, आठ दिवसांत. मग मी सही केली. केली, हो. विचार करत बसले असते तर झाली नसती. सही झाल्यावर मी म्हटलं, तो दांडा तेवढा नीट ठेवा. तर तो कागद चाळून बघतो आणि म्हणतो, दांडा काढून टाकलाय, ते नियमातच आहे. मागच्या आवारात जाऊन बघितलं मी. काढून नाही हो — कापलाय. ग्राइंडरने, मुळाशी. बोल्ट सोडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, सहा बोल्ट होते, मी त्यांना सांगितलं असतं कोणता आधी सोडायचा. तुकडा मागच्या सीटवर पडलाय, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय. आता ती गाडी दोन पायांच्या कुठल्याही माणसाला चालवता येईल. आणि परत बनवायचा म्हटला तर मापांची वही फाइलसोबत इथे जमा आहे, आणि सांगणाऱ्याने सांगितलं पाहिजे ना, अर्धा फेरा, पाव फेरा.

नाही, मी कशाची वाट बघत नाहीये. माझं काम सकाळीच झालं. ती प्रत टपालाने नाही पाठवत हे लोक गावातल्या गावात, शिपाई स्कूटरवर फिरतो, अकराला निघाला, पहिलंच घर आमचं. हातात द्यायची असते प्रत, सही घेऊन. शेजारीण दार उघडते, पण सही ह्यांचीच. आता साडेतीन झाले ना? मग मिळाली असेल. वाचून झाली असेल. एकच पान आहे.

फोन आहे ना, हा काय. नाही वाजला. शेजारणीला लावून बघू म्हणता — लावला होता मघाशी, ती म्हणाली, दिलं बाई पाकीट, त्यांनी उघडलं, वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं, मला म्हणाले दार लोटून घ्या. एवढंच. मी जाणार आहे हो घरी. पाचला कचेरी बंद करतात, मग काय इथे बसू देणार आहेत.

जा, निळ्या गाडीवाले म्हणून ओरडतोय तो, तुम्हालाच बोलावतोय. जा. तुमचा कागद राहिला बाकावर, तो घ्या.