विलायती बाईचे डोळे

माहेरी आम्ही मडकी भाजायचो, ताई, अन् लग्न होऊन सायखेड्याला आले तं इथं सगळा देवांचा कारखाना, गणपती, गौरी, नवरात्रातल्या देव्या, आमचे हे अंग घडवायचे अन् डोळे सासूबाई काढायच्या, अन् त्यांची नजर अधू झाली तव्हा त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला, म्हणल्या, सून म्हणून नाय देत, हात पाहून देते. लय तोऱ्यात व्हते मी, खोटं कशाला बोलू. गावच्या मंडळाच्या देवीला माझ्याशिवाय कोणाचा ब्रश लागत नव्हता.

डोळ्यांचा आमच्या घरात एक नेम. डोळे सगळ्यात शेवटी, अन् अर्धे मिटलेले कधी काढायचे नाय, शंकराचेसुद्धा नाय. सासूबाई म्हणायच्या, अर्धी पापणी मेलेल्या माणसाची, ती आपण हातानं मिटवतो.

मंग ती विलायती बाई आली. पिंपळगाव बसवंतला हायवेवर एका शेठनी हॉटेल टाकलं व्हतं, इंग्रजी पिक्चरमधली कोणी जुनी नटी, तिच्यावर त्याचा लय जीव, आत भिंतीभर पेंटरकडून तिची चित्रं काढून घेतलेली, अन् दारात माणसाएवढा पुतळा पाह्यजे व्हता. नाव काय माझ्या जिभेवर बसलं नाय, पण त्यानं दिलेला फोटो अजून आठवतो, पांढरा झगा वाऱ्यानं उडतोय, ती दोन्ही हातांनी दाबतीय, गालावर तीळ, अन् हसताना डोळे अर्धे मिटलेले. ह्यांनी अंग घडवलं, लाजत लाजतच घडवलं. डोळ्यांची पाळी आली तसे म्हणले, फोटोत हायेत तसे कर. मी म्हणलं, बिचारी तरुणपणीच गेली म्हणतो ना शेठ, मंग मी आणखी मारू का तिला? अन् काढले उघडे, मोठे, सरळ बघणारे. माझ्या हाताला देवीचेच डोळे येत व्हते, हे मला तव्हा कळलं नाय.

पुतळा हॉटेलाच्या दारात उभा ऱ्हायला, अन् पंधरा दिवसांत कांद्याच्या टेम्पोतून उतरणाऱ्या बाया तिला हात जोडायला लागल्या, कोणी कुंकू लावलं, कोणी नारळ ठेवला. शेठ हसायचा. पण सर्वपित्रीच्या दुपारी आमच्या मंडळाची माणसं शेडमधी घुसली, पुढं आण्णा, मंडळाचे अध्यक्ष, मला लेकीसारखं मानणारे. म्हणले, तिथं दारू चालती अन् तू आपली देवी झगा उडवून उभी केली? मी म्हणलं, आण्णा, ती देवी नाय हो. तं म्हणले, डोळे देवीचेच हायेत, गाव काय आंधळं हाय का? दुसऱ्या दिवशी घट बसायचे, मंडळाची देवी शेडमधी बिनडोळ्यांची उभी, अन् एकाच्या हातात पहार. आमचे हे मधी पडले, त्यांना ढकलून दिलं. आण्णा म्हणले, चल, तुझ्या हातानं मिटव तिचे डोळे, नायतर पुतळा फोडू, अन् देवीला परत तुझा ब्रश लागू देणार नाय.

काय सांगू तुम्हाला, टेम्पोत मला मधी बसवलं अन् पिंपळगावला नेलं. हॉटेलापुढं ही गर्दी. शेठ आतून कडी लावून बसलेला. मी स्टुलावर चढले, बाईचं तोंड माझ्या तोंडासमोर, अन् ती सरळ माझ्याकडं बघतीय. खालून आवाज, लवकर कर, लवकर कर. मला देवीचा ब्रश सोडायचा नव्हता, ताई, एवढंच डोक्यात. डावी पापणी रंगानं अर्ध्यावर उतरवली, मंग उजवी उतरवली. शेठ बाहेर आला, वर बघून टाळी वाजवली की हो त्यानं, म्हणला, आता खरी फोटोसारखी दिसली! मला तिथंच रडू फुटलं.

परत येताना आण्णा गोड बोलले, झालं गेलं सोड पोरी, पहाटे अंघोळ करून ये, देवी वाट बघतीय. मी अंघोळ केली, हात जोडले, ब्रश काळ्या रंगात बुडवला, अन् हात वर गेला तो तिथंच थांबला. सगळे बघत्यात, गुरुजी म्हणत्यात मुहूर्त चाललाय, अन् मला देवीच्या जागी ती बाई दिसतीय. बघत्या डोळ्यांवर ज्या हातानं पापणी ओढली त्यानं देवीचे डोळे उघडू कसे? आण्णांना म्हणलं, तुम्ही नको म्हणले असते तं मी भांडले असते, आता मीच नाय म्हणते. त्या साली ह्यांनीच काढले, कसेतरी.

आता सून काढती. लोकं म्हणत्यात तिचा हात माझ्याहून चांगला, हायच, मी कशाला नाकारू. मी साडीचे काठ रंगवते, दागिने करते, पोट भरतं. तिला एवढंच सांगितलं हाय, बाई, कोणाच्या धाकानं काही मिटवू नको, देव तुझा हात असाच ठेवो. अन् ती देवीचे डोळे काढायला बसली की मी उठून शेडच्या मागं जाते. देवीनं डोळे उघडल्यावर पहिली मी दिसायला नको.