शेवटी लिंबूच

डबा बंद आहे, आत काय ठेवलंय ते सकाळीच कुणीतरी ठेवून गेलंय, आता इथे घरात बसून टीव्हीवर ओरडल्यानं आतली वस्तू बदलते का हो? नाही, तुम्हीच सांगा! बदलते का? हा प्रश्न मी आयुष्यात किती जणांना विचारला असेल... आईला विचारला, आई म्हणाली, ‘‘जेव.’’ आनिएल्लो न्हाव्याला विचारला, तो म्हणाला, ‘‘मान हलवू नकोस.’’ आमच्या चर्चच्या फादर प्लाचिदोंना विचारला, म्हटलं हा माणूस शिकलेला आहे, लॅटिन येतं, याला नक्की ठाऊक असणार, तर ते खूप वेळ खोकले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘काहीही म्हण बाळा, सतरा नंबरचा डबा मात्र घेऊ नये, सतरा अपशकुनी.’’ आणि माझ्या अस्सुंताताईला तर रोज विचारायचो, रोज! ती काय म्हणायची? हात असा वर करायची, माझ्याकडे न बघता, आणि म्हणायची, ‘‘गप बस, जाहिरात संपली.’’

तुम्हाला सांगतो, असला मूर्ख खेळ मी जन्मात पाहिला नाही. वीस डबे. एकात नवी कोरी मोटार, एकात फ्रिज, एकात सार्डिनियाची सहल, असं करत करत एकात नुसतं लिंबू. एक लिंबू! समोर उभा कोण, तर काझेर्ताचा दातांचा डॉक्टर, शिकला-सवरलेला, घरी तीन फ्रिज असतील, आणि तो मावशीच्या केसांची बट खिशात घेऊन घामाघूम झालाय! काही विचारत नाहीत हो त्याला. राजधानी विचारत नाहीत, पाढा विचारत नाहीत. नाहीतर मी समजलो असतो, मी आठवीत शाळा सोडली, मला उत्तरं येत नाहीत, मी जळतो. पण इथे उत्तरच नाही! इथे डॉक्टर आणि मी सारखेच गाढव! तो खेळ चालवणारा, चकचकीत कोटवाला, तोंड जवळ नेऊन विचारतो, ‘‘खात्री आहे?’’ अरे कसली खात्री? डबा बंद आहे! ‘‘विचार करा, शांतपणे विचार करा...’’ अरे कशाचा विचार? आणि हा डॉक्टर खरंच विचार करतो हो, डोळे मिटून! आणि आमच्या गल्लीत एकूण एक घरातून एकाच वेळी आरोळी, ‘‘नको उघडू रेऽऽ!’’

आता नेपल्समध्ये आरोळी म्हणजे नुसती आरोळी नसते. आमच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीला आकडा आहे. मांजर तीन, हात पाच, दारुडा चौदा, रक्त अठरा, हसू एकोणीस. स्वप्नात मांजर आली की तीन नंबरची लॉटरी, मांजरीनं दारुड्याला बोचकारलं तर तीन, चौदा आणि अठरा. ताईला तर सगळे पाठ. तळघरासारख्या आमच्या त्या एका खोलीत दाराशी बसून दिवसभर हातमोजे शिवायची, कातड्याचे, बारीक टाका, आणि संध्याकाळ झाली की सुई तोंडात धरून टीव्हीसमोर. ‘‘ए बाई, तुझ्या घरात लेकरू झालंय ना, मग नऊ घे, नऊ!’’ बाई बेनेव्हेन्तोची, उभी तिकडे स्टुडिओत, ताई इथे. मी म्हणायचो, ‘‘ताई, तिला ऐकू येत नाही.’’

‘‘तुला येतंय ना? मग गप बस.’’

‘‘पण ओरडून काय होतं?’’

‘‘साबा, जाहिरात संपली.’’ साबा म्हणजे मी.

आणि डब्यातून लिंबू निघालं की ताई, आई आणि वरच्या मजल्यावरची फिलोमेनाकाकू, तिघी एका सुरात, ‘‘शेवटी लिंबूच!’’ आणि मग हसायच्या. अहो हरल्यावर हसायच्या! जिंकला कुणी तर डोळे पुसायच्या! उलटंच सगळं. ताईची एकच इच्छा, त्या स्टुडिओत एकदा जायचं. मी म्हणायचो, तुझं नशीब बघता लिंबूच मिळेल. ती म्हणायची, ‘‘मिळू दे की. पण डबा माझ्या हातानं उघडेन.’’

मग ती आजारी पडली.

आता तुम्ही म्हणाल, हसता हसता हे कुठलं... थांबा, इस्पितळातही काय झालं सांगतो. तिच्या वॉर्डात कोपऱ्यात टीव्ही होता. पहिल्या दिवशी सगळ्या बायका आपापल्या दुखण्यात मलूल पडलेल्या. दोन-चार दिवसांत ताईनं असं वळण लावलं त्यांना, की नळ्या लावलेल्या बायका ओरडतायत, ‘‘अकरा! अकरा!’’ आणि नर्स धावत येतेय, दटावायला वाटलं मला, तर तीसुद्धा दारातून, ‘‘अकरा नको गं, आठ, आठ मातामेरीचा!’’ काय बोलणार?

आणि मग तिला त्या दरवाजाच्या आत नेलं. ऑपरेशनचा दरवाजा हो, तो दोन बाजूंनी हलणारा, वर तांबडा दिवा. आत जे काय होतं ते आतच होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं. आणि मी... मी त्या दरवाजावर दोन्ही हात आपटून ओरडत होतो. ‘‘टिक ताई! धर! सोडू नको!’’ असलं काहीतरी. गळा बसेपर्यंत. पहारेकऱ्यानं मला काखेत धरून बाहेर नेलं. त्या वेळी मला कुणी विचारलं नाही, ओरडून काय होतं म्हणून.

असो! जाहिरात! पुढे चला.

तर ताई गेली, आणि आमच्याकडे रीत अशी की दुःखाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचं. आणि टीव्हीवर काळं कापड टाकायचं, वर्षभर लावायचा नाही. मामी स्वतः येऊन कापड टाकून गेली, चारी टोकांना टाचण्या मारून. आता जेवणाचं ऐका. आमची गल्ली म्हणजे दिलदार! फिलोमेनाकाकू वरून दोरीनं टोपली सोडते, त्यात चीज घातलेली वांगी, वाफ येतेय. आई एक घास घेत नाही, बोलत नाही, ताईच्या खुर्चीकडे बघत बसते, आणि मग ती वांगी कोण खाणार? मी! दुःखानं माणसं वाळतात म्हणे, माझी पँट लागेना! पण ते जेवण फुकट नव्हतं बरं का. टोपली खाली आली की वरून हळूच, ‘‘साबा... आली का रे?’’

‘‘कोण?’’

‘‘अस्सुंता रे! स्वप्नात! काही बोलली का?’’

कारण नवं नवं गेलेलं माणूस स्वप्नात येऊन आकडे देतं, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत. आणि ताईसारखी आकड्यांत मुरलेली बाई, ती तर पेढीच उघडेल तिकडे! मी एका बारमध्ये काम करतो, दुकानादुकानांत कॉफीचे ट्रे पोचवतो, त्यामुळे मला लपायलाही जागा नाही. आनिएल्लो न्हावी, वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर, ‘‘आली का रे?’’ मासळीवाला, ‘‘आली का?’’ फादर प्लाचिदो, मला आडोशाला घेऊन, ‘‘बाळा, प्रार्थना करतोस ना? छान. आणि... आली का?’’

आणि एक दिवस आली हो!

दुपारी डोळा लागला होता. ताई टीव्हीसमोर पाठमोरी बसलेली, हातात हातमोजा. मी म्हटलं, ताई. तिनं हात वर केला आणि म्हणाली, ‘‘गप बस, जाहिरात संपली.’’ बस्स! मी रडत उठलो, आणि माझी जीभ, तिला हाड कुठे आहे, मी ते फिलोमेनाकाकूला सांगून बसलो.

‘‘बोलली? नुसती दिसली की बोलली? नीट सांग! दिसली तर सत्तेचाळीस, बोलली तर अठ्ठेचाळीस!’’

‘‘बोलली, पण काकू, ती गप बस म्हणाली...’’

‘‘बोलली गंऽऽ! अठ्ठेचाळीस! आणि हातमोजा, म्हणजे हात, पाच! आणि जाहिरात... जाहिरात कसली होती? कॉफीची? साबणाची?’’

‘‘काकू, संपली होती!’’

पण ऐकतंय कोण? अख्ख्या गल्लीनं अठ्ठेचाळीस आणि पाच लावले. लॉटरीच्या दुकानाबाहेर रांग. फादर रांगेत नव्हते, त्यांनी चर्चच्या गड्याला, सॅक्रिस्टनला पाठवलं. आणि शनिवारी काय आलं? काहीही! दुसरेच आकडे! तर लोक माझ्या ताईवर रुसले! आनिएल्लो म्हणतो, ‘‘तशी तिला सवयच होती उगाच काहीतरी सांगायची.’’ अहो, गेलेल्या माणसानं गप बस म्हटलं, त्यात तिचा काय दोष?

त्या दिवशी संध्याकाळी टोपली खाली आली. ना वांगी, ना पास्ता, ना आवाज. आत बघतो तर एक लिंबू.

माझं डोकं असं फिरलं! मी लिंबू उचललं, वरच्या खिडकीवर नेम धरला, हात मागे घेतला... तर मागून आईनं मनगट पकडलं. लिंबू काढून घेतलं. फिरवून फिरवून बघितलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडातून शब्द, ‘‘शेवटी लिंबूच.’’ आणि ते लिंबू तिनं त्या काळ्या कापडावर, टीव्हीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं.

मग आम्ही दोघं शेजारच्या घरून आलेल्या पास्त्यापुढे बसलो. बाहेर जेवणाची वेळ झालेली, वर फिलोमेनाकाकूचा टीव्ही सुरू, तिला टीव्ही तेवढा कमी ऐकू येतो त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येतं. खेळायला कोण तर आव्हेल्लिनोची एक विधवा. दोनच डबे उरलेत, सात आणि एकोणीस. एकात मोटार, एकात लिंबू. ‘‘खात्री आहे?’’ वरून काकू किंचाळतेय, ‘‘सात! सात घे गं!’’ आईचा चमचा ताटलीवर थांबलेला. ओठ हलतायत. मानेची शीर उडतेय. माझ्याकडे बघत नाही, कापडाकडे बघतेय. ‘‘विचार करा, शांतपणे...’’ ‘‘साऽऽत!’’ आणि तुम्हाला सांगतो, माझी आई ताडकन उठली, छताकडे तोंड केलं आणि,

‘‘सात काय गं गाढविणी! एकोणीस! एकोणीस घ्यायला सांग तिला!’’

आणि दोन्ही हात तोंडावर.

मग वरून, हळू, ‘‘कोन्चेत्ता... तू ओरडलीस?’’

मी झेप घेतली. कापड ओढलं, टाचण्या उडाल्या, लिंबू हवेत, ते मी झेललं. आई म्हणते, ‘‘अरे कारट्या, वर्ष नाही झालं! लोक काय म्हणतील?’’

वरून काकू, ‘‘लोक म्हणजे मीच ना? मी म्हणते, लाव!’’

लावला. आमचा टीव्ही म्हातारा, आधी घूं करतो, मग उजळतो. उजळला आणि काय दिसलं? पास्त्याची जाहिरात! मोटार की लिंबू, आणि मधे पास्ता! आम्ही तसेच उभे, आणि वरून काकूचा हुंदका, ‘‘कोन्चेत्ता, आज अस्सुंता असती तर गं...’’ आता आई कोसळणार, मी हात पुढे केले. आईनं डोळे पुसले, पदराला हात पुसतात तसे खसाखसा, ताईच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘‘गप बस फिलोमेना, जाहिरात संपली.’’

त्या विधवेनं सातच घेतलं. लिंबू निघालं! एकोणीसमध्ये मोटार! आई इतकी भडकली, इतकी भडकली, ‘‘सांगितलं होतं! मी सांगितलं होतं ना!’’ आणि त्या भरात दोन ताटल्या पास्ता संपवला. काकूनं वरून लगोलग वांगी सोडली, तीही संपवली. मला उरलं नाही. पँट आता बसते.

सोमवारी मी स्मशानात गेलो. सोमवार गेलेल्यांचा. आमच्याकडे भिंतीत कप्पे असतात, एकेका कप्प्यात एकेक पेटी, ताई सगळ्यात वरच्या ओळीत, वरची ओळ स्वस्त, तीच आम्हाला परवडते. म्हणून ओरडून बोलावं लागतं. मी खालूनच सुरू केलं, ‘‘ताई! आई बोलली! एकोणीस म्हणाली, आणि एकोणीसमध्ये मोटार होती!’’ तर तिथला राखणदार कातेल्लोमामा झाडू घेऊन आला. म्हणतो, ‘‘अरे पोरा, पुढे दगड आहे, वर सिमेंट आहे, आत जे आहे ते आहे. इथून ओरडून काय होतं?’’

आता बघा! माझाच प्रश्न! अख्ख्या नेपल्सला मी विचारत फिरलो, आणि तो फिरून माझ्याच डोक्यावर आला. मी हात वर केला आणि म्हटलं, ‘‘गप बसा मामा, जाहिरात संपली.’’

त्यानं झाडू भिंतीला टेकवला, चाकांची शिडी ओढत आणली आणि खालून धरून ठेवली. मी चढलो. वर तिचा फोटो, छोटा दिवा, आणि पुढे चार बोटांची कड. तेच लिंबू आणलं होतं, पण ते ठेवलं की गडगडतंय, ठेवलं की गडगडतंय. खालून मामा ओरडतोय, ‘‘डावीकडे घे! डावीकडे! अरे, नको सोडू!’’ मग मी खिशातली सुरी काढली, लिंबाला खालून एक सपाट काप दिला आणि तिच्या दिव्याशेजारी नीट बसवलं.