चरकापुढची फळी

(सन १९३८. औरादजवळचं एक खेडं. हरिबा सुताराच्या छपरात हैदराबादेहून आलेले वकील अच्युतराव बसलेत. चुलीपाशी हरिबाची बायको, नागूबाई.)

अच्युतराव : ...जजसाहेबांनी पुढं लिहिलंय, 'उसाच्या चरकापुढं भोक पाडलेली फळी. भोकातून ऊस जातो, हात जात नाही. एवढं कुणाही सुताराला सुचेल. जे सहज सुचतं त्याला पेटंट नाही.'

हरिबा : बरोबरच हाय की.

अच्युतराव : बरोबर? तिकडं कारखानदार तुमचीच फळी लावून चरक विकतोय, हरिबा.

नागूबाई : हेमावतीचं नाव हाय त्या फळीला, अण्णा. लेकीचं नाव सरकारी कागदावर ऱ्हावं म्हणून किती खेपा घातल्या ह्यांनी.

अच्युतराव : म्हणूनच अपील करायचं. डोळ्यांनी बघितल्यावर सगळंच सोपं वाटतं, बाई. इतकी वर्षं चरक फिरतायत, कितीकांचे हात गेले, कुणाला सुचलं? हरिबा, तुम्ही शपथेवर एवढंच सांगा : मी जातिवंत सुतार, पण लेक चरकात सापडून जाईपर्यंत मलाही हे सुचलं नव्हतं.

हरिबा : ते सांगता यायचं न्हाई.

नागूबाई : कामून?

हरिबा : तू जरा आडावरनं पाणी आण.

नागूबाई : घागर भरलेली हाय. बोला तुम्ही. गुऱ्हाळ बंद असलं तरी मला चरक ऐकू येतोय. तुम्हालाच येतोय असं न्हाई.

हरिबा : सुचलं व्हतं, वकीलसाहेब. आदल्या दिवशी. अमावास्या व्हती, बैल सुटे, गुऱ्हाळ बंद. हेमा म्हणली, 'अप्पा, उद्या ऊस मी लावणार.' तवाच फळी डोळ्यापुढं आली. भोकासगट.

अच्युतराव : मग केली का नाही?

हरिबा : अमावास्येला आम्ही हत्याराला हात लावत न्हाई. म्हणलं, उद्या करू. उद्या तांबडं फुटायच्या आत चरक फिरला.

अच्युतराव : हे अदालतीत बोलू नका.

नागूबाई : त्या दिवशी पटाशी घेऊन उठला व्हता तुम्ही.

हरिबा : न्हाई.

नागूबाई : उठला व्हता. कशाला म्हणून मी इचारलं बी न्हाई. आज अमावास्या हाय, असं मीच म्हणलं, अन् तुमच्या हातातनं काढून कणगीमागं ठेवली.

हरिबा : तुला काय ठावं व्हतं.

नागूबाई : अन् तीन वर्सं तुम्ही हे पोटात ठेवलं.

हरिबा : वकीलसाहेब, अपील ऱ्हाऊ द्या.

नागूबाई : तरीच. ती पटाशी तुम्ही परत कधी मागितली न्हाई.