लव्हॉनचा स्वेटर, कुंपणावर

नाही, तो नाही — तो सोडून दुसरं काहीही घे. तो जांभळा मफलर घे, चांगला जाड आहे, पण स्वेटर खाली ठेव, पोरी. चिठ्ठी वाचली म्हणतेस? 'मी हरवलेलो नाही, थंडी वाजत असेल तर मला घेऊन जा' — ती चिठ्ठी मीच लिहिलीय, दरवर्षी मीच लिहिते, चर्चमधल्या बाकीच्या बायकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पानं पिवळी पडली की आम्ही विणलेलं सगळं आणून ह्या वाचनालयाच्या कुंपणाला बांधतो, ज्याला हवं त्यानं न्यावं, कुणी विचारायचं नाही. आणि मीच विचारतेय — हो, कळतं मला, म्हातारी आहे, खुळी नाही. बैस. बस येईपर्यंत बैस. रात्री सरोवरावरून वारा सुटला होता, म्हटलं गाठी सुटल्यात का बघून यावं, तर समोर हा. माझ्या हातचा.

कशावरून म्हणजे? टाका बघ ना, कुठे कलतोय? उलटीकडे. मी डावरी. ह्या गावात दुसऱ्या कुणाचा टाका असा कलत नाही. आईनं डाव्या हातावर पळी मारून मारून पाहिली, शेजारीण म्हणाली उलट्या हाताच्या पोरीला क्रोशा शिकवता येत नाही — नका शिकवू! मी चर्चच्या टेबलावरचा रुमाल उचलला, घरी नेऊन एकेक टाका उसवत गेले, कुठून निघतो नि कुठे जातो ते बघितलं, आणि परत विणून ठेवला. आधीपेक्षा बरा झाला होता. पाद्रीबाईला पत्ता नाही लागला.

तर हा लव्हॉनचा. लव्हॉन माझी — काय म्हणू, मैत्रीण म्हणते लोकांसमोर. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात विणला. सारखी म्हणायची, आर्लिस, घर तापतच नाही गं. मी म्हटलं, घराला काय झालंय, तू गार पडलीयस. रंग बघ, दलदलीतली टॅमरॅकची झाडं ऑक्टोबरात होतात ना, तो पिवळा. दुकानात मिळेना तर दोन लोकरी एकत्र धरून विणला, म्हणून इतका जड. अंगात घातला नि दिवसभर काढला नाही तिनं. आता कुंपणावर! पावाच्या पिशवीला मारतात तशी गाठ मारून — तिचीच गाठ, ओळखते मी. एक शब्द नाही. नको झाला होता तर परत आणून द्यायचास, लव्हॉन. माझ्या तोंडावर फेकायचास, चाललं असतं, मी उलट फेकला असता, मग कॉफी प्यायलो असतो.

लहान झाला असेल? छे, ती वाळलीय उलट. धुताना आटला? आटलेला दिसतोय का हा? चुकून आला असेल, दुसऱ्या पिशवीतून — हां, चुकून. तसं असेल. तसंच — थांब. ती टोपी दे इकडे. कानांवर येणारी. हीपण तिचीच. आणि ते लांब मोजे, बुटात घालायचे, नाताळात दिले होते मी. ती राखाडी शाल. आणि हातमोजे, ज्यांना ती 'अस्वलाचे पंजे' म्हणून हसायची, तेही. अगं, ह्या टोकापासून त्या खांबापर्यंत सगळी लव्हॉनच टांगलीय!

ऑक्टोबरात लोकर कोण वाटून टाकतं, सांग बरं? इथे, सुपीरियर सरोवराच्या काठावर? ज्याला इथला हिवाळा काढायचाच नाही तो.

डेल. तिचा मुलगा, ॲरिझोनात असतो. वसंतात जाऊन आली, म्हणाली नुसतं बघून आले, आई-लेकरांचं बघणं झालं. तिथे म्हणे नाताळातही दारं उघडी टाकून बसतात. मी म्हटलं, माश्या येत असतील. हसली. हसली ना तेव्हाच कळायला हवं होतं, लव्हॉन खोटं बोलायची वेळ आली की आधी हसते. परवाच्या रविवारी माझ्या टेबलावर बसून खिमा-बटाट्याचं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं आणि म्हणते कशी, 'आर्लिस, यंदा बर्फ लवकर पडणार म्हणतात.' म्हणतात! जणू तिच्या अंगणात पडणार होता!

आमचं ठरलं होतं. जिचं छप्पर आधी गळेल तिनं दुसरीच्या घरी राहायला यायचं. हात धरून ठरलं होतं, आर्नीच्या — माझ्या नवऱ्याच्या — मातीवरून परत येताना. तिचं छप्पर उन्हाळ्यातच गळायला लागलं. मी काही बोलले नाही, माझी शिवणाची खोली रिकामी केली. पलंग लावला. पडदे लावले, तिला आवडतात तसले हिरवे, मला बघवत नाहीत ते — हे तुला कशाला सांगतेय मी? तू कोण माझी?

काय? वरचं बटण नाही? दाखव.

हं. हरणाच्या शिंगाची आहेत. आर्नीनं कापून, घासून दिली होती, हात थरथरायला लागले होते तेव्हा. उरलेली पाचही वाकडी आहेत बघ. पण वरचं तुटून पडलेलं नाही. तुटलं असतं तर लोकर ओढली गेली असती, भोक पडलं असतं. दोरा कात्रीनं कापलाय, अगदी सांभाळून. म्हणजे मला तोंड दाखवायची लाज, आणि बटण मात्र वाळवंटात न्यायचं! काय करणार तिथे त्याचं, मुठीत धरून बसणार? मुलानं विचारलं तर काय सांगणार, कुणाचं म्हणून? बसू दे. बसू दे मुठीत धरून.

रडत नाहीये मी. वारा जातोय डोळ्यात.

घरी नेऊन उसवणार होते. खरंच. पण उसवलेली लोकर धुईपर्यंत कुरळीच राहते, जिच्या अंगावर होती तिचा बाक सोडत नाही, आणि मला आता त्या खोलीत बसून ते गुंडाळणं — तुझे दात का वाजतायत? हे जाकीट आहे की पावाची पिशवी? कुठून आलीस? टेक्सास! देवा. तिकडून इकडे, आणि शहाणी बाई इकडून तिकडे.

घाल. घाल म्हटलं ना. बाह्या लांब होतात तर दुमड, दोनदा. वर पकडून धर हातानं, बटण नाही तर नाही, गळा उघडा टाकू नकोस. ती बस आली बघ, पळ.

आणि माझे आभार मानू नकोस. तुझ्यासाठी नव्हता विणला.