साठ जणांच्या रक्तावर फुटलेली सुपारी

...आणि वर मलाच विचारतात, "काऊन तोंड पाडून बसली?" मग काय नाचू? तुम्हाला सांगते, मी बुलढाण्याला एम.एस्सी. करते, प्रकल्पासाठी धाडच्या आमच्या भाऊकीत आणि देऊळघाटला आत्याच्या सासरी रक्त गोळा केलं. का? तर आत्याचा थोरला, वैजनाथदादा, पंचविशीत वावरात उभ्या उभ्या कोसळला तो उठलाच नाही... हृदय! माझी शंका अशी, की एक दोष आमच्या रक्तात, दुसरा त्यांच्या. एकेकटे गुपचूप बसतात, एकाच लेकरात भेटले की घात करतात. पण दोन्ही दोष असलेली माणसं मुळातच विरळ, म्हणजे तपासायला हजारोंचं रक्त हवं. मिळालं किती जणांचं? साठ! कारण आजोबा ओसरीवर बाही सरकवून बसले, "आमचं साऱ्याइचं रगत एकच हाये, माह्यंच घे अन् सर्व्याइच्या नावानं लिहून टाक." झालं, अर्धी भाऊकी चहा पिऊन घरी!

साठांत दोन्ही दोष असलेले निघाले दोघं, आणि दोघंही धडधाकट. दोघांवरून काय बोलणार हो? मी इमानदारीनं लिहिलं: संबंध आढळला नाही, मात्र नमुने फार अपुरे. सापडलं नाही म्हणजे नाही, असं नाही! खिशातल्या बॅटरीनं अख्खं वावर बघायचं आणि साप नाही म्हणायचं, त्यातली गत.

बाबांनी त्यातलं अर्धंच वाक्य उचललं आणि थेट आत्याला फोन! माझी धाकटी बहीण रुपाली आणि आत्याचा धाकटा अविनाश... मामाची पोरगी आत्याच्या पोराला, हक्कच तो आमच्याकडे. दादा गेल्यापासून भिऊन थांबले होते, आता माझ्या अहवालावर सुपारी फुटतेय. आत्या बैठकीला आली तेव्हा मी म्हटलं, सापडलं नाही म्हणजे नाही, असं नाही, निदान दोघांचं हृदय तरी तपासा. आत्यानं डोळ्याला पदर लावला. "एक गेला माहा. आता दुसऱ्यालेबी रोगी ठरवतं का वं?" मी रुपालीकडे पाहिलं, तर ती हळूच म्हणते, "ताई, तूच तर लिहिलं ना?"

मग मात्र माझा तोल गेला. साठ पुरत नाहीत, हजारो लागतात, म्हणून भर बैठकीत ओरडले! आजोबांनी शांतपणे अडकित्ता मिटला.

"होऊ दे ना लगन. लेकरं होतीन याइले, घेजो त्याइचंबी रगत. वाढतीन तुह्ये नमुने."

आणि तुम्हाला सांगते, संख्याशास्त्राच्या हिशेबानं म्हातारा चुकीचं काहीच बोलला नाही.