एकूण व्यक्ती : एक

विजयमाला : मग दुसरं नाव कुठंय?

रामप्रसाद : कसलं दुसरं नाव?

विजयमाला : तुमच्या बॅगेत स्वेटर ठेवायलते, तर हा परवान्याचा कागद हाताला लागला. 'अर्जातील एकूण व्यक्ती : एक.' दोनदा वाचलं मी. मल्हारीभाऊंचं नाव अर्जात घातलं होतं, पण आधार कार्डावरच्या जन्मतारखेमुळं ते बाद झालं, असंच सांगितलं होतं ना तुम्ही?

रामप्रसाद : ठेव तो कागद. हरवला तर गेटवरूनच परत पाठवतील मला.

विजयमाला : बाद झालं असतं तर बाद म्हणून लिहून आलं असतं. इथं तर नाव घातलंच नाही.

रामप्रसाद : विजू, सकाळी सकाळी कशाला?

विजयमाला : मग कधी विचारू? नऊ दिवसांनी तुम्ही हिमालयात असाल.

रामप्रसाद : घातलं होतं नाव.

विजयमाला : मग?

रामप्रसाद : मग काढलं.

विजयमाला : कुणी?

रामप्रसाद : मीच.

विजयमाला : बसा. नीट सांगा मला.

रामप्रसाद : सांगायला काय आहे? त्या राष्ट्रीय उद्यानात पाठीवर तंबू घेऊन मुक्कामाला जाणारी रोज तीसच माणसं आत सोडतात. साऱ्या देशातून अर्ज येतात. उन्हाळ्याच्या सगळ्या तारखा फेब्रुवारीत एकाच दिवशी, सकाळी दहाला सुटतात. मी शाळेतून रजा काढून नऊपासून बसलो होतो. दोघांचे फोटो, दोघांचे दवाखान्याचे दाखले, सगळं तयार. दहाला उघडलं. दोघांचं भरून पुढं गेलो, तर लाल अक्षरात आलं, शिल्लक जागा एक. वर घड्याळ उलटं पळायलेलं.

विजयमाला : किती वेळ होता?

रामप्रसाद : चाळीस सेकंद.

विजयमाला : चाळीस सेकंदात माणसाचा हात चुकतो, ते मी समजू शकते. पण आधार कार्डाचं? तेही चाळीस सेकंदातच सुचलं का?

रामप्रसाद : ते संध्याकाळी. मेंढरं वाड्यात घालून तो तसाच पळत आला, 'झालं का गुरजी?' म्हणून. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं.

विजयमाला : अहो, तुमची साखर तीनशेवर गेली होती तेव्हा घरापासून नरसिंहाच्या देवळापर्यंत तुम्हाला चालवत नव्हतं. डॉक्टरनं नुसतं लिहून दिलं, चाला. चालवलं कुणी? मेंढरं सांभाळून रोज पहाटे दारात कोण उभं राहायचं? पाठीवर दहा किलो ज्वारी बांधून पोखर्णीच्या शिवारातून वर्षभर कुणी फिरवलं तुम्हाला?

रामप्रसाद : मला माहीत नाही का?

विजयमाला : माहीत आहे म्हणूनच विचारायलेय. आणि हिमालयाचं वेड तरी कुणाचं? तुमच्या मोबाईलमध्ये तिकडच्या मेंढपाळांचा व्हिडिओ बघितला त्यांनीच. डोंगराच्या उभ्या कड्यावरून हजार मेंढरं चाललेली. 'एकदा हे बघाया पायजे' म्हणाले. तुम्हाला ते वेड नंतर लागलं.

रामप्रसाद : परत आल्यावर सांगणार होतो त्याला.

विजयमाला : फोटो दाखवत दाखवत?

रामप्रसाद : विजू.

विजयमाला : आज सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. आणि ते बघा, फाटक उघडायलेत. या, मल्हारीभाऊ. आत या, ऊन तापलंय.

मल्हारी : न्हाई वैनी, पाय मातीनं भरलेत. पायरीवरच बरं हाय. गुरजी हायती का?

विजयमाला : आहेत की. तुम्हाला काहीतरी सांगायचंय त्यांना.

मल्हारी : आदी मी सांगतो. गुरजी, हे बघा. आलं एकदाचं.

रामप्रसाद : काय आलं?

मल्हारी : कार्ड. जलमतारीख दुरुस्त करून घेतली. तुमीच म्हणले ना, एक जानेवारी त्या उद्यानवाल्यांना चालत न्हाई म्हणून. आमच्या समद्या आळीची एकच तारीख, एक जानेवारी. मी म्हणलं, ह्या टायमाला न्हाई तर न्हाई, पर म्होरच्या टायमाला गुरजीला आपल्यापायी तकलीफ नको.

विजयमाला : कुठं कुठं जावं लागलं मग?

मल्हारी : पयलं परभणीला. ते म्हणले, शाळेचा पुरावा आणा. मी शिकलो तिसरीपोत, राणीसावरगावला. तिथं गेलो तर हेडमास्तरीण बाई रजेवर. परत गेलो. धम्मशीलाबाई म्हणून हायती, लय भली बाई. दुपारची भाकर बाजूला ठिवून कपाटातलं जुनं दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं तिनं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पर नाव बराबर सापडलं. सात जुलै.

विजयमाला : सात जुलै?

मल्हारी : हां. मी आपला थंडीतला जलम समजत हुतो. पावसाळ्यातला निघालो. बावन वर्सांनी कळलं, वैनी. गाडीत बसल्यावर मनातल्या मनात धा येळा म्हणलं, सात जुलै, सात जुलै.

विजयमाला : म्हणजे तीन खेपा झाल्या.

मल्हारी : पाच. बोटाचे ठसे उमटंनात ना. लोकर कातरून कातरून घासलेत. शेवटी डोळ्याचा फोटू घेऊन काम केलं त्यांनी.

विजयमाला : आणि तोवर मेंढरं कुणी बघितली?

मल्हारी : घरवाली हुती की, भिवरा. एक दिस तेवढा वंगाळ गेला. मी परभणीला आन् ती एकटी. ओढ्याच्या अंगानं लांडगा आला, दोन कोकरं नेली. एकटं माणूस किती बाजूला बघंल? दोन दिस जेवली न्हाई ती. आता बरी हाय.

विजयमाला : ऐकायलात ना तुम्ही?

रामप्रसाद : ऐकायलोय.

मल्हारी : गुरजी, तोंड उतरलंय तुमचं. साखर तर न्हाई वाढली? बुटं घालून चालायलाव ना रोज? कोरी बुटं तिकडं नेऊन घालू नका, फोड येत्यात. आन् पयल्या दिशी पोरासोरांच्या मागं पळायचं न्हाई. आपल्या दमानं. दम लागला तर उभं ऱ्हायचं, बसायचं न्हाई.

रामप्रसाद : हो.

मल्हारी : आन् माझं एक काम करा. तिकडची मेंढरंवाली गावली तर इचारा, चढाला म्होरं शेळी घालत्यात का मेंढा. व्हिडिओत दिसलं न्हाई ते. आन् कोकरं पाठीवर घेत्यात का कसं, ते बी बघा. तुमी आल्यावर मी...

रामप्रसाद : मल्हारी, तुझं कार्ड बरोबर होतं.

मल्हारी : कंचं?

रामप्रसाद : जुनं. एक जानेवारीचं. ते चालत होतं. तारखेचा काही संबंधच नव्हता. कुणी काही बाद केलं नाही.

(पायरीवर बसलेला मल्हारी नवं कार्ड हातात धरून बघत राहतो, पुढून, मग मागून. रामप्रसादला वाटतं, यानं आता ओरडावं. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. मल्हारी ओरडत नाही.)

मल्हारी : मंग तसं कशापायी म्हणले तुमी?

रामप्रसाद : एकच जागा उरली होती. मी माझं नाव ठेवलं, तुझं काढलं.

मल्हारी : एकच हुती?

रामप्रसाद : एकच.

मल्हारी : त्या दिवसाला एक. दुसऱ्या कंच्या दिवसाला न्हवती?

विजयमाला : सांगा की. विचारायलेत ते.

रामप्रसाद : होती. जूनच्या अठराला. चार जागा होत्या.

विजयमाला : हे मलाही सांगितलं नव्हतं तुम्ही.

रामप्रसाद : नव्हतं.

मल्हारी : मंग अठराला का न्हाई घेतली दोघांची?

रामप्रसाद : शाळा सुरू झालेली असती.

मल्हारी : रजा मिळत न्हाई तुमाला?

रामप्रसाद : मिळते. पण मे महिन्यात जाणार म्हणून सगळ्यांना सांगून बसलो होतो. शाळेत सत्कार ठरला होता. शाल, नारळ, भाषण. तारीख बदलली असती तर लोक म्हणाले असते, मास्तरांचं काही खरं नाही.

मल्हारी : सत्काराला मी बी आलतो. मागं उभा हुतो.

रामप्रसाद : बघितलं होतं मी.

मल्हारी : पोरं टाळ्या वाजवायलती. मी बी वाजवल्या.

रामप्रसाद : मल्हारी, माझं चुकलं.

मल्हारी : मला सांगायचं हुतं की, एकच जागा हाय म्हणून. मी म्हणलो असतो, तुमी जावा.

रामप्रसाद : म्हणाला असतास. ते मला माहीत होतं. मग ते तुझ्याकडून घेऊन जावं लागलं असतं. आधीच सगळं तुझ्याकडून घेतलेलं. चालणंसुद्धा. हेही तूच दिलं, असं झालं असतं. तेवढं सोसलं नाही मला.

मल्हारी : आन् कार्डाचं कसं सुचलं?

रामप्रसाद : ते नको विचारू.

मल्हारी : इचारायलोय.

रामप्रसाद : कागदाचं कारण सांगितलं की तू पुढं विचारणार नाहीस, असं वाटलं मला.

मल्हारी : हां. ते बराबर वाटलं तुमाला. कागदाचं म्हणलं की आमी गपच बसतो. हापिसातला माणूस तसं करतो, त्याचा राग येत न्हाई एवढा.

विजयमाला : मल्हारीभाऊ, घोटभर चहा घेता का?

मल्हारी : नको वैनी.

रामप्रसाद : मी परवाना रद्द करतो. आत्ता, तुझ्यासमोर करतो. हा बघ मोबाईल.

मल्हारी : रद्द केल्यावर ती जागा मला येती का?

रामप्रसाद : नाही. परवान्यावरचं नाव बदलत नाही. वेटिंगला जो असेल त्याला जाते.

मल्हारी : मंग कुणासाठी रद्द करायलाव?

रामप्रसाद : मला आता जायचीच लाज वाटायलीय.

मल्हारी : लाज तुमची हाय, गुरजी. ती माझ्या म्होरं आणून नका ठिवू. जायचं तर जावा, न्हाई तर ऱ्हावा. मी जावा म्हणून सांगणार न्हाई, आन् नका जाऊ म्हणून बी सांगणार न्हाई.

रामप्रसाद : मग मी काय करू?

मल्हारी : ते मला ठावं न्हाई.

विजयमाला : भिवराबाईंना मी येऊन भेटते, भाऊ. संध्याकाळी येते.

मल्हारी : आज नको वैनी. आज माझंच तिच्याशी बोलायचं ऱ्हायलंय. तुमी सांगितलं त्या दिशीच ती म्हणली हुती, जलमतारखेवरनं डोंगर चढाया कोण आडवंल हो माणसाला? मी खेकसलो तिच्यावर. म्हणलं, तुला काय कळतंय, गुरजी खोटं बोलत न्हाईत. पाच खेपा घातल्या, पाची येळा ती तेच म्हणली आन् पाची येळा मी खेकसलो. कोकरं गेली तवा बी तिलाच बोललो.

रामप्रसाद : मी येऊन सांगतो तिला. माझ्या तोंडानं.

मल्हारी : तुमचं तुमी मागून बघा. मी जे बोललो ते मलाच मोडाया पायजे.

विजयमाला : पाणी तरी घ्या.

मल्हारी : द्या. पाणी घेतो.

रामप्रसाद : मल्हारी...

मल्हारी : म्होरच्या तारखा कवा सुटत्यात?

रामप्रसाद : पावसाळ्यानंतरच्या? जूनच्या दहाला. सकाळी दहा वाजता.

मल्हारी : पोरीनं तिचा जुना मोबाईल दिलाय मला. ह्याच्यात उघडतंय का ते?

रामप्रसाद : उघडतं. पण सगळं इंग्रजीत आहे.

मल्हारी : किती ठिकाणी बोट लावायचं, तेवढं सांगा. मेंढरांच्या डागण्या वळखतो मी, आठ-धा खुणा ध्यानात ऱ्हातील.

रामप्रसाद : आधी खातं काढावं लागतं. आधार नंबर टाकला की ओटीपी येतो. ते आजच करून ठेवता येतं. नावंही आधीच भरून ठेवायची, म्हणजे दहाला नुसती तारीख निवडायची राहते. आणि एक तारीख धरून बसायचं नाही. तीन-चार मनात ठेवायच्या. पहिली गेली की दुसरीवर जायचं.

मल्हारी : दुसरीवर जायचं. बरं.

रामप्रसाद : नावं किती घालायची?

मल्हारी : दोन.

रामप्रसाद : मी... दहा जूनला मी येतो सकाळीच तुझ्याकडं. मी घरी असलो तर.

मल्हारी : माझं आन् भिवराचं.

विजयमाला : आणि मेंढरं?

मल्हारी : बिरदेव बघंल. धाकला भाऊ हाय, पंधरा दिस काढंल. आजवर ती मेंढरामागं ऱ्हायली आन् मी हिंडलो.

रामप्रसाद : तिचा दवाखान्याचा दाखला लागेल. मी बरोबर येतो परभणीला. ओळखीचे डॉक्टर आहेत.

मल्हारी : आमी जाऊ. आता रस्ता पाठ झालाय मला.

रामप्रसाद : बरं. आण तो मोबाईल, खातं काढून देतो.

मल्हारी : न्हाई, मोबाईल माझ्या हातात ऱ्हाऊ द्या. तुमी निसतं सांगा.