अठरा लाखाचं वांगं

…आन वरून म्हन्ते कटती. आता तुमीच सांगा, जो माल मुठीत धरता येत नाही, ज्याले ओल लागत नाही, जो काट्यावर टाकला तं काटा हालत नाही, त्याले कटती कायची? कपसाले कटती असते, मले मान्य हाय, जिंदगीभर देल्ली म्या. कापूस काट्यावर टाकला का व्यापारी त्यात कोपरापासून हात घालते, मुठभर काढून नाकाले लावते, असं तोंड वाकडं करते का जसा कापूस नाही, नवरदेवाचा मोजा हुंगला, आन म्हन्ते, "ओला हाय काका, क्विंटलमांगं दोन किलो कटती." ठीक हाय बापू. ओला असतेच. सकाऊन मीच त्याच्यावर बादलीभर पानी मारेल असते, मले मालूम, त्याले मालूम, बैलालेबी मालूम… पन मोबाइलातल्या नान्याले? वजन नाही त्या मालाले, तुमाले सांगतो, पन कटती हाय.

आता तुमी म्हनसान, कारभारी, तू अंगठाछाप मानूस, तुह्याजोळ मोबाइलातले नाने आले कुठून? तेच तं सांगून राह्यलो, दम धरा. माहे नाहीत ते. बुढीचे हायेत. म्हंजे… होते.

झालं असं, ज्या वर्सी गुलाबी अळीनं कापूस खाल्ला ते वर्स. बीटी लावला होता. दुकानदार म्हने, "काका, या बियान्याले अळी लागतच नाही, पाकिटावर लिहेल हाय." मले वाचता येत नाही, म्या भरोसा ठेवला. पन अळीलेबी वाचता येत नाही, हे कोनाच्या ध्यानातच आलं नाही. बोंड फोडलं का आतमंधी बसेल, गुलाबी, नटूनथटून, जशी लग्नातली करवली. दिवाळी झाली, उभ्या कपसात रोटावेटर फिरवला, आन आमी दोघं बुढाबुढी ओट्यावर येऊन बसलो. कराले कामच नाही.

तवा आमची पोरगी पुष्पांजली, बुलढान्याले देल्ली हाय, तिनं तिचा जुना मोबाइल मायले आनून देल्ला आन त्यात एक गेम टाकून देल्ला. कायचा? शेतीचा. म्या म्हनलं, "बाई, ज्या मानसाले जुलाब लागले त्यालेच तू एरंडीचं तेल पाजून राह्यली." पन आमची वच्छलाबाई, ते चश्मा लावून जी बसली… तुमाले सांगतो, त्या गेमातला कापूस आठ मिंटात येते. आठ मिंटात. फवारनी नाही, अळी नाही, मजुराच्या दारी चकरा नाही, बोट फिरवलं का वेचनी झाली, इकला का नाने पडते, छन छन छन. मी ओट्यावरून आवाज देओ, "कुठी हायेस व?" तं म्हने, "वावरात हाव." आन बसेल कुठी? चुलीपुढं.

पयले मी लय हासलो. मंग एक दिवस डोकावून पाह्यलं तं बुढीच्या वावरात बांधेल हीर, हिरीवर मोटर, दोन गाई, आन लाईन चोवीस घंटे. वर पाटी, पुष्पीनं लिहून देल्ली होती, "वच्छलाबाईचं वावर". म्या म्हनलं, "ह्याच्यात माहं नाव कुठी हाय?" तं वर न पाह्यताच म्हन्ते, "चाळीस वर्स सातबाऱ्यावर तुमचंच नाव हाय, म्या इचारलं का कवा?"

आन तिचा जीव कायच्यात होता, तं लिंबात. त्या गेमात वीस लाख नाने झाले का लिंबाची बाग उघडते. लगन झालं तवापासून या बाईचं एकच, "बांधावर दोन लिंबं लावा, घरचं लोनचं व्हईन." आन चाळीस वर्सापासून माहं एकच, "लिंबाच्या सावलीनं कापूस मरते." आता कापूस तं सावलीबिगरच मेला, पन मले नाही म्हनाची सवय पडेल. तं तिनं अडीच महिने त्या मोबाइलात राबून राबून अठरा लाख जमोले. शेजारनीले सांगे, "दोन लाख राह्यले व बाई, मंग लिंबं लागते." शेजारनबी अशी मान हालवे का जशी उद्या वाटीभर लोनचं मांगाले येईन.

आन इथीसा माही खोडी आडवी आली.

संग्रामपूरच्या बाजारात खुर्शीदचं मोबाइलचं दुकान हाय. हा खुर्शीद आंदी टेम्पो घेऊन गावोगाव कापूस घे, पन अळीच्या वर्सी घ्याले कापूसच नाही, तं टेम्पो इकला आन दुकान टाकलं. आमची जुनी वयख. एकदा म्या त्याच्या काट्यावर कपसाच्या गाठोड्यात बुढीचा वरवंटा घालून देल्ला होता, चार किलो वजन. दुसऱ्या दिशी हा दारात हजर, वरवंटा रुमालात बांधेल, आन बुढीच्या तोंडावर म्हन्ते कसा, "काकी, काकाच्या कपसाची सरकी बहोत मोठी निघाली. ठेवा संभालून, बियान्याले कामी येईन." तीन दिवस बुढी मले बोलली, थांबलीच नाही. असा हा खुर्शीद.

तं बाजाराच्या दिशी म्या बुढीले म्हनलं, "आन तुहा मोबाइल, रिचार्ज मारून आनतो." खुर्शीदनं मोबाइल हाती घेतला आन त्याचे डोयेच मोठे झाले. "काका, अठरा लाख? इकता का?"

"काय इकू?"

"नाने. खामगाव-बुलढान्याचे कालेजातले पोट्टे घेते. मेहनत नाही करा लागत, सीधा गेममंधी पुढं जाते. लाखाले साठ रुपये, नगद."

तुमाले सांगतो, मी उभाच राह्यलो. त्या सालात भाव घेऊन माह्यापुढं आलेला हा पयला मानूस. खऱ्या कपसाकडं कोनी पाहून नाही राह्यलं, आन जो कापूस कुठी उगवलाच नाही त्याले गिऱ्हाईक उभं. म्या मनात म्हनलं, कारभाऱ्या, कपसावर पानी मारून इकलं, गोटा घालून इकलं, आता नुसती हवा इकून राह्यला तू, याच्याहून मोठी खोडी या जल्मात व्हाची नाही. आन बुढीचं काय, आठ मिंटात पुन्हा येते ना तिचा कापूस, तिले कुठी समजते…

म्या म्हनलं, "पन द्याचं कसं बे? पोत्यात भरून आनू?"

"नाही काका. गेममंधी बाजार हाय. मी माह्या तिथल्या दुकानावर एक वांगं ठेवतो, तुमी थे अठरा लाखाले घ्या. नाने माह्याकडं, वांगं तुमच्याकडं."

"अठरा लाखाले एक वांगं?"

"ताजं हाय," म्हन्ते.

लावला अंगठा. त्यानं बोट लावा म्हनलं होतं, पन आमाले सवय अंगठ्याची. छन छन छन. बुढीच्या इकडं शून्य, आन खुर्शीद म्हन्ते, "चौदा लाख चाळीस हजार आले काका."

"अबे, अठरा देल्ले ना म्या?"

"गेमवाले बाजाराची फी काटते. पाचातला एक हिस्सा."

"म्हंजे कटती?"

"कटतीच समजा."

"पन ओल कुठी हाय त्याले?"

तं हासते कसा, "काका, वरवंटा तं नाही ना टाकला ह्याच्यात?"

वजन नाही त्या मालाले… पन कटती हाय.

आठशे चौसष्ट रुपये हाती आले. म्या किलोभर जिलबी घेतली, साखर घेतली, चाहापत्ती घेतली, घरी आलो. बुढी म्हन्ते, "जिलबी? काय इकलं?" म्या म्हनलं, "कापूस इकला." खोटं बोललो का? तुमीच सांगा. म्हन्ते, "कोनता कापूस?" म्या म्हनलं, "होता थोडा घरात." तिनंच तं वेचेल होता. बुढीनं चार जिलब्या खाल्ल्या, बोटं चाटले, म्हने, "लय दिसानं घरात कपसाची जिलबी आली." मंग हात पुसले, चश्मा लावला, मोबाइल घेतला.

मी जोडे घालूनच बसेल होतो, पयून जाच्या तयारीत. वाट पाहून राह्यलो, आता बोंबलन, मंग बोंबलन. पन आवाजच नाही. चुलीवर चाहा उतू गेला, तरी आवाज नाही. मंग हयूच म्हन्ते, "काहो, हे वांगं कुठून आलं?"

"कोनतं वांगं?"

"माह्या कोठीत एक वांगं हाय. म्या तं वांगं लावलंच नाही."

पाहा तुमी, अठरा लाख कुठी गेले थे नाही इचारलं. वांगं इचारलं. आन मी, हजार थापा मारेल मानूस, एकाचे दोन बैल सांगनारा, मले त्या वांग्यावर एक थाप सुचली नाही. सांगून टाकलं सारं. तिनं आयकून घेतलं. शिवी नाही, काही नाही. चश्मा काढला, पदरानं पुसला, आन येवढंच म्हनली, "दोनच लाख कमी होते लिंबाले." आन उरली जिलबी उचलून दारातल्या गाईपुढं टाकली.

खरं सांगतो, वरवंट्याच्या येळेस तीन दिवस बोलली, तवा बरं वाटलं होतं. हे बरं नाही वाटलं.

दुसऱ्या दिशी पयल्याच गाडीनं संग्रामपूर. म्या म्हनलं, "खुर्शीद, सौदा पलट. तुहे पैसे घे, नाने दे." थो म्हन्ते, "काका, थे कालच गेले बुलढान्याले. दुसरे देतो, पन घ्याचा भाव येगळा, लाखाले शंभर." म्या म्हनलं, "काऊन बे? काल साठ आन आज शंभर?" तं म्हन्ते, "काका, तुमी ज्या भावात कापूस इकता, त्या भावात तुमाले कापड भेटते का?" वरून म्हन्ते, "आन काकीकडं अठरा पोचाले पाह्यजे तं मले साडेबावीस पाठवा लागते. कटती हाय ना मंधात." म्हंजे जातानीबी कटती आन येतानीबी कटती. साडेबाविसशे रुपये. माह्या खिशात सहाशे. माहं तोंड पाहून म्हन्ते, "पाह्यजे तं वांगं वापस घेतो काका." म्या म्हनलं, "कितीले?" म्हन्ते, "तीन नान्याले."

मंग काय केलं, त्या पैशातून लिंबाचे दोन रोपं घेतले. खरे. मातीतले. थैलीत धरून एसटीत मांडीवर बसोले आन घरी आनले. बुढीनं पाह्यले. बांधावर माह्याच हातानं दोन खड्डे खंदून घेतले, लावले, आपल्या हातानं पानी घातलं, बुडाची माती दाबली. म्या म्हनलं, मिटलं. म्या म्हनलं, "आता तं गेला ना राग?"

म्हन्ते, "हे लिंबं कवा लागतीन?"

"लागतीन चार-पाच वर्सानं."

"तवापावतर म्या काय कराव?" आन मोबाइल माह्या हातात देल्ला. "अठरा लाख भरा. सालदार राहा माह्या वावरात."

सालदार. वर्सभराच्या बोलीवरचा गडी. मी, ज्याचं सातबाऱ्यावर नाव, थो मी बायकोच्या मोबाइलात सालदार. तवापासून ओट्यावर बसेल हाव, दर आठ मिंटाले वेचनी. अंगठ्याले घट्टा पडला. कोनी दारात येऊन इचारलं, कारभारी कुठी हाय, तं बुढी आतून सांगते, "वावरात हाय." परवा खुर्शीद आला, म्हन्ते, "काका, औंदा कापूस कसा हाय?" म्या म्हनलं, "चांगला हाय बापू, अळी नाही." सात लाख झाले. अकरा राह्यले.

आन थे वांगं? अजून कोठीत हाय. म्या म्हनलं इकून टाकू, जागा अडते. तं म्हन्ते, "राहू द्या. नदरेसमोर पाह्यजे."

कालची गोष्ट. सकाऊनपासून मान वर नाही केली, वेचून राह्यलो, वेचून राह्यलो, नाने पाडून राह्यलो. दुपारी म्या म्हनलं, "मालकीनबाई, गड्याले चाहा भेटन का?" आला चाहा. पाहतो तं अर्धाच कप. म्या म्हनलं, "अर्धाच काऊन व?"

बुढीनं माह्या हातातला मोबाइल घेतला. नाकाले लावला. हुंगला. असं तोंड वाकडं केलं…

"ओला हाय," म्हन्ते. "कटती."

पेलो गुपचाप. मालच ओला, काय बोलता.